बारा खळग्यांतला झेंडू

पहिला दिवस.

“फार खोल दाबू नकोस,” तो दारातून म्हणाला. “वर नखाएवढीच माती हवी.”

“झालं पेरून,” बायको म्हणाली. “तुम्ही हात लावायचा नाही.”

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. बारा खळगे, प्रत्येकात चाळलेली माती. तिने पाणी फवारलं, वर प्लास्टिकचा कागद ताणला आणि ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. ओट्यावर रिकामं पाकीट पडलं होतं. त्यावर लेकीचं अक्षर: झेंडू, गच्चीवरचा. पुढच्या वर्षी लावणे.

लेकीला घरात ठकी म्हणत. ट्रकने तिची स्कूटर उडवली त्याला ब्याण्णव दिवस झाले होते. तेव्हापासून तिने डोळे उघडले नव्हते. श्वास यंत्र घेत होतं. आज सकाळी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, ती आता परत येणार नाही. यंत्र काढायचं तर आईबाप दोघांच्या सह्या लागतील. दहा दिवस घ्या.

फॉर्म फ्रिजवर होता.

“दहा दिवसांत एक जरी कोंब आला,” बायको हात धूत म्हणाली, “तर सही नाही. नाही आला तर करू. बिया तिच्याच आहेत. तिलाच ठरवू दे.”

तो बरं म्हणाला. सही करायची, हे त्याचं कधीच ठरून गेलं होतं. ते बायकोला सांगायची छाती होत नव्हती.

दुसरा दिवस.

काही नाही.

तिसरा दिवस.

भेटायची वेळ पाच ते सहा.

“आलात? बरं झालं,” सिस्टर म्हणाली. “तुमच्या लेकीचे केस म्हणजे काय ताप आहे! वेणी घालायला दोन माणसं लागतात.”

“लहानपणी चार लागायची,” बायको म्हणाली. “एक वेणीला, तीन धरून ठेवायला.”

सिस्टर खळखळून हसली. मग तिने ठकीला कुशीवर वळवलं आणि पाठीवरच्या जखमेची पट्टी बदलली. बायकोने जखम पाहिली. ती बाहेर गेली, भिंतीला टेकून उभी राहिली.

“किती दिवस झाले हो पेरून?”

“तीन.”

“तीनच?”

त्याने तिचा खांदा थोपटला.

चौथा दिवस.

त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी त्याने शटर ओढलं आणि कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे गेला.

“काका, झेंडू म्हणजे आगाऊ पाहुणा,” रोपवाला म्हणाला. “बोलवायला लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दारात उभा. नाही आला तर बी मेलं समजा.”

“जुनं असेल तर?”

“किती जुनं?”

“गेल्या वर्षीचं.”

“मग यायलाच पाहिजे. तुम्ही पाणी जास्त घालत असणार. सगळेच घालतात. मग येतात माझ्याशी भांडायला.”

त्याने नव्या बियांचं एक पाकीट घेतलं. दुकानात येऊन ते समोर ठेवलं आणि बसून राहिला.

सही करायचीच होती. पण अशी नको. एकही कोंब आला नाही तर बायको सही करेल आणि मग जन्मभर त्या ट्रेसमोर बसून राहील. माती कमी पडली, ऊन कमी पडलं, माझा हात वाईट, असं म्हणत राहील. त्यापेक्षा कोंब येऊ दे. महिना जाऊ दे. मग तिला समोर बसवून नीट बोलता येईल. तिने ठकीला सोडावं ते आपल्या मनाने. मेलेल्या बियांच्या सांगण्यावरून नव्हे.

पाचवा दिवस.

बायको न्हाणीघरात गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला तसा त्याने प्लास्टिक उचललं. दुकानातला बारीक चिमटा सोबत आणला होता. काळी सुई आणि तिला फिकट शेपूट, अशी झेंडूची बी. एक पुरली असती. त्याने तीन लावल्या, तीन खळग्यांत, नखाएवढी माती सारून. खालच्या जुन्या बिया त्याने उकरून पाहिल्या नाहीत.

पाणी थांबलं तेव्हा तो खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

“उलटा धरलाय,” बायको म्हणाली.

सहावा दिवस.

काही नाही.

सातवा दिवस.

तिने ठकीचा पिवळा ड्रेस काढून इस्त्री केला. बाह्या दोनदा केल्या.

“हा कशाला?”

“घरी आणायची तिला, तर अंगावर धड काही नको?”

तो दुकानात निघून गेला. चष्मा विसरला, तरी परत आला नाही.

आठवा दिवस.

 

नववा दिवस.

सकाळी मातीतून तीन माना वर आल्या होत्या, वाकलेल्या, फिक्या हिरव्या. एकीच्या डोक्यावर बीचं टरफल अजून तसंच होतं. बाकी दोघींची दोन-दोन पानं उघडली होती.

“अगं, इकडे ये. लवकर ये.”

ती पदराला हात पुसत आली. खिडकीशी थांबली. वाकली. बोटाच्या टोकाने एका पानाला शिवली आणि खाली फरशीवरच बसली.

तो तिच्याजवळ बसला. “बघ. म्हणजे आता घाई नाही. महिनाभर थांबू. मग सावकाश आपण दोघं...”

ती उठली. फ्रिजवरून फॉर्म घेतला, त्याचे चार तुकडे केले, मग आठ. त्याने तिला फाडू दिलं. फॉर्म काय, दुसरा मिळेल.

ती वळली. शंभर दिवसांत असा चेहरा त्याने पाहिला नव्हता.

“तुम्हाला कधीच सांगणार नव्हते,” ती म्हणाली. “मला तिची सुटका हवी होती. तोंडाने म्हणवत नव्हतं. म्हणून पेरायच्या आधी त्या बाराच्या बारा बिया मी तव्यावर काळ्या होईस्तोवर भाजल्या. आणि तरी उगवल्या हो! आता मी मेले तरी सही करायची नाही.”