गवताचा विळा

ऑनलाइन कोर्सचा चौथा धडा आला आणि दुसऱ्याच दिवशी सत्तरीची एक बाई संग्रहालयात आली. महिन्याभरातलं पहिलं माणूस, म्हणून संग्रहालय सांभाळणारे खरात लगबगीनं पुढे झाले. पण ती थेट काचेच्या कपाटाशी जाऊन म्हणाली, "हा इळा माझ्या आईचा हाय."

कुणी फिरकत नाही म्हणून नगरपालिका संग्रहालय बंद करायला टपली होती. माणसं यावीत म्हणूनच खरातांनी इथल्या जुन्या वस्तूंची ओळख करून देणारा हा मोफत कोर्स काढला होता. पण गावानं दिलेल्या वस्तूंची नोंद कुणी ठेवलीच नव्हती. आज ही बाई विळा मागेल, उद्या दुसरं कुणी हंडा. कपाटं रिकामी व्हायला कितीसा वेळ?

"न्यायला आलात?" त्यांनी चाचरत विचारलं.

"न्यायला कशाला? धड्यात ह्याला गवताचा इळा म्हनलात. माझी आई सुईन व्हती. गावातल्या पोरांच्या नाळा कापल्यात ह्यानं." तिनं चष्म्यावरून त्यांना निरखलं. "तू गोदीचा थोरला ना? तुझीबी."

खरातांचा हात नकळत बेंबीपाशी गेला. मग त्यांनी शिकवायची खुर्ची तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले.