सहीचा नमुना

घरच्या संगणकातली लिनक्स प्रणाली काही केल्या अपडेट घेईना. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच निरोप: सही जुळत नाही.

"मरू दे, ही तपासणीच बंद करतो," कौस्तुभ वैतागला.

"खबरदार! आपली सगळी कागदपत्रं त्यातच आहेत," बँकेतून निवृत्त झालेली आई कडाडली. "सही जुळत नसेल तर आधी आपल्याकडचा नमुना जुना आहे का बघ."

त्यानं लिनक्सवाल्यांच्या साइटवर पाहिलं. सही ताडून बघायची जुनी किल्ली बाद होऊन नवी आली होती. ती बसवताच अपडेट सुरळीत सुरू झालं.

कोचावर बसलेले बाबा हसले. "माझा हात प्लॅस्टरमध्ये, सही वाकडी आली, तर हिनं माझाच चेक परत केला होता. घरात अबोला धरला मी."

"आणि मग?"

"मग काय! माझ्या आईचंही खातं हिच्याच शाखेत आणलं."