राखून ठेवलेला डाव

पिराजी आजही खिशात फ्लॉपी घालून एकटाच सायबर कॅफेत गेला, तेव्हा सोमशेखरनं ठरवलं, आता डाव टाकायचाच.

दोघं शाळेपासूनचे दोस्त. शिवाजी पेठेतल्या खोलीत दीड वर्षं एकाच कॉम्प्युटरवर घासत होते. हातात धरून खेळायचं जुनं गेमचं मशीन कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारा इम्युलेटर करायचा, आणि जगात तो आधी आपलाच यायला हवा, एवढा एकच ध्यास. पण महिनाभर पिराजीचं कॅफेत जाणं वाढलं होतं. विचारलं की म्हणायचा, "हाय जरा काम. कळंल की!"

सोमशेखरच्या मनात पाल चुकचुकली.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. सोमशेखरनं गेम संपल्यावरच्या सुराच्या शेवटी एक बारीक आवाज घुसडला. टक. ही टक त्याच्या स्वतःच्या डोक्यातली. त्यांच्याकडच्या जुन्या गेमच्या मशीनचा स्पीकर पहिल्यापासून मुका, म्हणून सगळे सूर नेटवरची माहिती वाचून बसवलेले. त्यात टक कुठंच नव्हती; दुसऱ्या कुणाच्या इम्युलेटरमध्ये ती वाजली, तर तो आपलाच चोरलेला.

"ही टक कसली रं?" पिराजीनं विचारलं.

"मूळ मशीनमध्येच हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

तिसऱ्या आठवड्यात परदेशातल्या कुणाचा तरी इम्युलेटर नेटवर आला. सोमशेखरनं तो उतरवून घेतला आणि मुद्दाम हरला. सूर संपला. टक.

त्याचं डोकंच फिरलं.

"कुणाला दिलास रं आपला प्रोग्रॅम?" त्यानं पिराजीला धरलं. "ती टक मी मुद्दाम घातल्याली, तुला पकडायला!"

पिराजी मागं सरला. "माझ्यावर पाळत ठेवलीस व्हय?"

एवढंच बोलून त्यानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि जिना उतरला. सोमशेखरला वाईट वाटलं. पण चोर तो चोरच.

चौथ्या दिवशी शिरोळचा एक माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"पावणं, पिराजीराव हायत का? मी गुंडू. त्यांनी कॅफेतनं, फ्लॉपीत आणल्याली मशीनची माहिती धाडून, माझ्या लेकीला ई-मेल करून करून पिच्छा पुरवला. हे मशीन तिचंच. स्पीकर चालणारं मशीन पायजे, दोस्ताला द्यायचंय म्हणालते."

पिशवीतून अगदी तसंच मशीन निघालं.

सोमशेखरनं सेल घातले. दोन मिनिटांतच तो हरला. मूळ मशीनच्या स्पीकरमधून शेवटचा सूर वाजून थांबला.

टक.