नळीत ठासलेली पट्टी

दत्तारामने बंदुकीच्या नळीत दारू ओतली, वर चिंधी घालून गजाने घट्ट ठासली आणि छर्रे सोडले. मोठा भाऊ वारल्यावर वहिनीने त्याची मिलिटरीतली पिशवी दत्तारामला दिली होती. आता तिच्या कप्प्यांत दारू, छर्रे आणि बार उडवायच्या केपा नीट बसत होत्या. आतली मळकी पट्टी नुसती अडत होती, म्हणून आज त्याने तीच चिंधीसाठी कापली होती.

वहिनी बांधावर आली ती कात्री घेऊनच.

“भावजी, पिशवी तुमीच ठेवा. फक्त आतली पट्टी माका कापून देवा. तेच्यार ह्यांचा नाव मी शिवलेला आसा.”

त्याला नळीकडे बघवेना. “मागीर देतंय, वयनी. घराक गेल्यार.”

तेवढ्यात समोरचं भात हललं. रानडुक्कर!

“मारा भावजी! माझा भात खाता!”

नेम बरोबर धरला होता, पण दत्तारामचं बोट चापावर तसंच राहिलं. डुक्कर भात तुडवत रानात गेलं.

“दारू भिजली,” तो पुटपुटला.

“अरे देवा, पिशवी गळता काय?” म्हणत वहिनीने आत हात घातला. पिशवी कोरडी होती. तिची बोटं कापलेल्या शिवणीवर थांबली, आणि तिने बंदुकीकडे पाहिलं.