उजवी चप्पल

आठ वर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर मोतीबिंदूनंतर पद्माकररावांनी मुलीला दिली, सूचना मात्र स्वतःकडेच ठेवल्या. बडोद्यात मांजलपूर ते घडियाळी पोळ, मागच्या सीटवरून एका फेरीत बावीस सूचना. "म्हैस बघ! हॉर्न! अगं, ब्रेक!" अवनीने गाडीच थांबवली. "बाबा, उद्यापासून रिक्षाने जा." काळजी करावी, वर बोलणी खावीत! धुमसतच ते झिजलेली चप्पल घेऊन मोचीपाशी गेले. "काका, डावी चप्पल कोरी, उजवीच केम घसाय छे? का झिजते?" मोचीने विचारलं. पद्माकरराव वरमले. मागे बसून ते उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. खरा ब्रेक त्यांनी पूर्वी डभोईच्या अपघातात उशिरा दाबला होता. तेव्हा मागे अवनी होती. सकाळी ती म्हणाली, "रिक्षा बोलावू?" "नको गं. तू नीट चालवतेस. भीती माझीच, पायात बसलीय." त्या फेरीत सूचना शून्य. गाय आडवी आली, उजवी चप्पल तेवढी करकरली. पुढून आवाज आला, "लागला ब्रेक, बाबा."