कडव्यांमधली जागा

स्वतःच गाणी रचून गाणारा तो गायक घरातून निघून गेला, त्याला वर्षं लोटली. त्याच्या गाण्यांना नवा साज चढवायचं काम एका संगीत संयोजकाकडे आलं. रिकामी जागा दिसली की संयोजकाचे हात शिवशिवत. कडव्यांमधल्या शांततेत त्याने बासरी ठासून भरली आणि परवानगीसाठी गायकाच्या बायकोला ऐकवली.

“बासरी काढा हो. ती जागा माझी आहे. कडवं झालं की तो थांबायचा. मी स्वयंपाकघरातून ‘हं’ म्हटलं की पुढचं गायचा.”

संयोजक हरखलाच. “मग वहिनी, तुमचं ‘हं’च रेकॉर्ड करू या की!”

“भलतंच! त्या दिवशी मी रुसून गप्प बसले, आणि तो गाणं अर्धवट टाकून गेला. आता ‘हं’ म्हटलं, तर गाणं पुरं होईल. मग परत यायला त्याला निमित्त काय उरेल?”