दुभाषीबाईंचा तह

"शेजारच्या देशाला एकच भाषा कळते, तोफेची," मिशीवाले उमेदवार गरजले आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

मंचाच्या कोपऱ्यात उभ्या दुभाषीबाई ते भाषण पहिल्या रांगेतल्या कर्णबधिर मतदारांना खुणांनी सांगत होत्या. त्यांच्या खुणांत मुठी एकमेकींवर आदळल्या की युद्ध, अलगद मिळाल्या की तह. बाईंचा धाकटा भाऊ सीमेवर होता. मुठी काही आदळेनात, अलगदच मिळाल्या.

पहिली रांग खूश झाली. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. त्यांच्या टाळ्या अशाच असतात.

मग काय, बाईंना चेव आला. मिशीवाल्यांनी रणगाडे मागितले, बाईंनी व्यापार सुरू केला. त्यांनी शेजाऱ्याला धडा शिकवला, बाईंनी चहाला बोलावलं. मिशीवाले हात पाठीमागे बांधून, समोर बघत बोलायचे, त्यामुळे पकडलं जायची भीती नव्हती. त्याच मंचावर आधी बोललेले चष्मेवाले उमेदवार तर मुळातच शांततेचे. त्यांच्या वेळी बाईंना पदरचं काहीच घालावं लागलं नव्हतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. त्यांचे हात भराभर चालले. "दोघंही तहच करणार म्हणताय, मग मघापासून भांडताय कशावर?"

हे बाईंनी मोठ्याने सांगायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. पण माइक समोर आला होता.

"आजी विचारतात," त्या म्हणाल्या, "युद्ध झालं तर सीमेवरच्या पोरांच्या घरच्यांनी काय करायचं?"

मिशीवाल्यांनी पहिल्यांदाच मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"आधी बोलणी करून बघू," ते म्हणाले. चष्मेवाले खुर्चीतून पडायचेच राहिले.

सभा संपताच मिशीवाल्यांचा निरोप आला. साहेबांनी आतल्या खोलीत बोलावलंय. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात घेतलं. मागण्याआधी आपणच दिलेलं बरं.

"साहेब, माझी चूक झाली," त्या दारातूनच म्हणाल्या.

साहेबांनी त्यांना आत घेऊन दार लावलं. दोन्ही हात पुढे घेतले आणि अगदी सफाईदार खुणांनी म्हणाले, "पुढच्या सभेतही माझं भाषण असंच सांगा. मी खरं काय बोलतो ते पहिल्या रांगेतल्या माझ्या आईला कळलं, तर ती मला घरात घेणार नाही."